ऑर्गन जिन्यावरून चढवताना

आमचा ऑर्गन जुन्या पद्धतीचा, पायानं भाता मारायचा. उचलायला चार माणसं लागतात आणि चौथा माणूस ऐन वेळी चहाला गेलेला असतो. महाराष्ट्रातल्या नाट्यगृहांशी माझी ओळख झाली ती या ऑर्गनच्या मागून चालताना, म्हणजे मागच्या दारानं, बोळांतून, अरुंद जिन्यांवरून. बँकेतली नोकरी सांभाळून पस्तीस वर्षं नाट्यपदांना साथ केली. प्रेक्षक ज्या दारानं आत येतात ते दार मला बऱ्याच ठिकाणी अजूनही माहीत नाही.

२०२४च्या डिसेंबरात आम्ही सात जण नाशकातून नऊ दिवसांच्या दौऱ्यावर निघालो. गाणाऱ्या ताई, त्यांच्या दोन शिष्या, तबल्यावर पंचविशीतला एक पोरगा, निवेदन करणारे मास्तर, गाडीचे चालकदादा आणि ऑर्गनसकट मी. मुंबई, पुणे, सांगली, मिरज, कोल्हापूर असा रस्ता. कार्यक्रम चारच होते, तेही लहानशा मंडळांचे. पण ताईंची अट होती की वाटेत जिथे जुनं नाट्यगृह किंवा जुनी गाण्याची जागा असेल, तिथे निदान अर्धा तास गाडी थांबलीच पाहिजे. चालकदादा पहिल्या दिवशी कुरकुरले. चौथ्या दिवशी तेच विचारायला लागले, "आज कुठलं थेटर?" तेव्हा वहीत जे टिपलं, त्यातलं घरी आल्यावरही पटलेलं तेवढं इथे देतो.

१. कोनशिलेवर गाणाऱ्याचं नाव नसतं

ही गोष्ट पहिल्याच दिवशी ध्यानात आली आणि शेवटपर्यंत खोटी ठरली नाही. कोनशिलेवर उद्घाटकाचं नाव असतं, मंत्र्यांचं असतं, आयुक्तांचं असतं, ठेकेदाराचंही असतं. पहिल्या रात्री त्या रंगमंचावर कोण गायलं, साथीला कोण होतं, हे कोरून ठेवावं असं कुणाला वाटलेलं नसतं. त्यामुळे कोनशिला वाचण्यात वेळ घालवू नका. राखणदाराला गाठा, पडदा ओढणाऱ्याला गाठा, समोरच्या चहावाल्याला गाठा. पडदेवाल्याला नट कमी आणि गाणारे जास्त आठवतात, असा माझा अनुभव आहे. कारण विचाराल तर गाणाऱ्यांच्या कार्यक्रमाला त्याला काम नसतं, तो विंगेत बसून ऐकत असतो.

२. आधी टाळी, मग 'सा'

जुनी वास्तू डोळ्यांनी बघायची म्हटलं की माणूस नक्षी बघतो, झुंबरं बघतो, फोटो काढतो. आम्ही ती कानांनी बघायची एक रीत ठरवली. नाट्यगृह रिकामं मिळालं तर रंगमंचाच्या कडेला उभं राहून एकच टाळी मारायची आणि गप्प राहायचं. नंतर ताईंनी माईकशिवाय काळी चारचा सा लावायचा, अगदी साधा, दम न लावता. मी रांगा मोजत मागे जायचं आणि सूर कुठे पातळ होतो तो आकडा वहीत मांडायचा.

यातून दोनतीन गोष्टी कळल्या. सूर सहसा मागे जाऊन हरवत नाही, तो सज्जाखाली शिरल्यावर हरवतो. सज्जाच्या छताखालच्या शेवटच्या चार रांगा म्हणजे गाण्याची दुष्काळी पट्टी. तिकीट काढताना खाली मागे बसण्यापेक्षा वर पुढे बसावं, पैसेही वाचतात. दुसरं म्हणजे कडक गुळगुळीत भिंतींच्या सभागृहात आलाप भरदार वाटतो, पण तान घेतली की दाणे एकमेकांत मिसळून त्यांची खिचडी होते. लाकूड भरपूर असेल तर दाणा सुटा राहतो. तिसरी गोष्ट आम्ही फजिती करून घेऊन शिकलो. रिकाम्या सभागृहाचा कौल पक्का धरायचा नाही. माणसं बसली, त्यांच्या शाली-स्वेटर आले, की तीच वास्तू निम्मा आवाज पिऊन टाकते.

वाटेतल्या एका गावी, नाव सांगत नाही, नवंकोरं सभागृह होतं. जाड गालिचा, मखमली पडदे, वर खोटं छत. टाळी वाजली आणि जागीच मेली. ताईंचा सा सातव्या रांगेत संपला. रात्री माईकवाल्यानं कसर भरून काढायला आवाज चढवला, तेव्हा ऑर्गनच्या भात्याची फुसफुस माझ्या आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षकांपर्यंत पोचली. पहिल्या रांगेतल्या एक आजी पाय वर घेऊन बसल्या. त्यांना खाली काही जनावर आहे असं वाटलं होतं.

३. मोठा घुमट पाहून झाला की शेजारची गल्ली धरा

मुंबईत आम्ही रॉयल ऑपेरा हाउसला गेलो ते तिकीट काढून, सगळ्यात वरच्या मजल्याचं. या वास्तूची पायाभरणी १९०९ची. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा बांधकाम अजून अपुरंच होतं, ते १९१२मध्ये पुरं झालं. मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका या दोघांचा हा उपद्व्याप. नाव ऑपेराचं, पण मुंबईत रोज ऑपेरा कोण करणार? लवकरच तिथे चित्रपट आले, आणि आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे बालगंधर्व आले, मास्टर कृष्णराव आले, दीनानाथ मंगेशकर आले. विलायती गळ्यांसाठी बांधलेल्या वास्तूत मराठी नाट्यपदं रंगली. १९९३मध्ये दारं बंद झाली ती उघडायला २०१६ उजाडलं. आभा नारायण लांबा यांनी केलेली डागडुजी बघण्यासारखी आहे. घुमटाच्या आतल्या बाजूला आठ भाग आहेत, कवी आणि नाटककारांच्या मानवंदनेचे. आम्ही बसलो होतो त्या उंचीवरून घुमट जवळ आणि गाणारा लांब दिसत होता, पण ऐकू नीट येत होतं. वहीत लिहिलं : वरचा मजला, शेवटची रांग, पास.

पण माझ्या मते खरा धडा ऑपेरा हाउसच्या बाहेर आहे. तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या टापूत गाण्याच्या तीन जागा आहेत, आणि त्यांतली एकही जागा पर्यटकांच्या यादीत सापडणार नाही. एक लक्ष्मीबाग. केसरबाई, मोगूबाई अशांच्या बैठकी जिथे झाल्या ते गिरगावातलं लहानसं दालन. दुसरी जागा प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या गायन शाळेची. १९२५ साली सुरू झालेल्या या शाळेत कुमार गंधर्व वाढले. तिसरी जागा काँग्रेस हाउसच्या आवारातला जिना हॉल (बॅरिस्टर जिनांच्या नावाचा), जिथे १९३६मध्ये देवधरांनीच भरवलेल्या परिषदेत अकरा-बारा वर्षांचा तो पोरगा गायला आणि मुंबईला वेड लावून गेला. घुमटाखाली हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या असतील. गाणं मात्र शिकवलं गेलं, पारखलं गेलं, त्यावर भांडणं झाली ती या लहान दालनांत. तबल्याचा पोरगा लक्ष्मीबागेपाशी म्हणाला, "काका, आमच्या सोसायटीचा हॉल याहून मोठा आहे." मी म्हटलं, असू दे की. तिथे हळदीकुंकू होतं, इथे केसरबाई झाल्या.

परळचं दामोदर नाट्यगृह गाडीतूनच पाहिलं. १९२२चं, सोशल सर्व्हिस लीगचं, गिरणगावातल्या कामगार रंगभूमीचं घर. २०२३च्या नोव्हेंबरपासून ते बंद होतं. चालकदादांनी गाडी हळू केली, कुणी उतरलं नाही.

४. तिकीट लावून गाणं ऐकवणारा माणूस आपल्या गोदाकाठी राहून गेला

मुंबईच्या सँडहर्स्ट रोडवरून जाताना मास्तरांनी पलुस्करांचा विषय काढला. शास्त्रीय गाणं दरबारातून आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून बाहेर काढून, तिकीट लावून, चार लोकांसमोर बसवण्याचं धाडस ज्यांनी सुरुवातीला केलं त्यांत विष्णु दिगंबर पलुस्कर अगदी पुढे. १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय, १९०८मध्ये मुंबईला. मुंबईची इमारत कर्जात गेली, लिलाव झाला. अखेरच्या वर्षांत त्यांचा मुक्काम नाशकात, पंचवटीतल्या रामनाम आधाराश्रमात असे. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु पलुस्कर म्हणजे आपले डी. व्ही., त्यांचा जन्म १९२१चा, नाशिकचाच.

आज कुठल्याही गावात दोनशे रुपयांचं तिकीट काढून माणूस ख्याल ऐकायला बसतो, त्यामागे या माणसाचा हट्ट आहे. आमच्या गाडीतल्या दोघी शिष्या, दोघी जन्मानं नाशिककर. त्यांना हे मुंबईच्या रहदारीत अडकल्यावर कळलं. मलाही आश्रमाचं नाव ठाऊक होतं, पण तिकिटाची गोष्ट त्याच्याशी जोडून मी कधी पाहिली नव्हती.

५. साथीदारानं पाठ कुणाकडे करायची ते वास्तू ठरवते

हे कलम माझ्या जातभाईंसाठी आहे. इतरांनी पुढे गेलं तरी चालेल.

हल्ली नाट्यपदांच्या कार्यक्रमात आम्ही रंगमंचावर, गाणाऱ्याच्या बाजूला बसतो. नाटक कंपन्यांच्या काळात ऑर्गन, तबला, सारंगी रंगमंचाच्या पुढे खाली, खड्ड्यात असत. म्हणजे साथीदाराचं तोंड गाणाऱ्याकडे आणि पाठ प्रेक्षकांकडे. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, ऑर्गनला कांबळे बसत. एवढी मोठी माणसं, पण लोकांना दिसायचे ते त्यांचे खांदे. गाणाऱ्याचा आवाज या वाद्यांच्या डोक्यावरून शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, माईक नसताना. म्हणून पट्टी चढी, म्हणून शब्दाची फेक, म्हणून 'वन्समोअर'पर्यंत दम राखून ठेवायची शिस्त. नाट्यसंगीताचा जो बाज आपण गळ्याचा म्हणून सांगतो, तो अर्धा वास्तूनं घडवलेला आहे, असं माझं मत बनत चाललं आहे. ताईंना हे साफ नामंजूर आहे. त्या म्हणतात, गळा नसेल तर वास्तू काय करणार?

एका जुन्या नाट्यगृहात खड्डा अजून शाबूत होता, वर फळ्या टाकून बुजवलेला. मी हट्टानं दोन फळ्या काढायला लावल्या आणि आत उतरून बसलो. ताईंनी वर उभं राहून एका पदाची सुरुवात केली. मला त्यांचा चेहरा, हात, श्वास घेताना उचलले जाणारे खांदे, सगळं दिसत होतं. शेजारी बसून जी जागा मला नेहमी उशिरा कळते, ती इथे आधी कळली. पस्तीस वर्षं मी चुकीच्या ठिकाणी बसून वाजवत होतो म्हणायचं.

ओघात आलं म्हणून सांगतो. आकाशवाणीनं १९४०मध्ये हार्मोनिअमवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत चालली. श्रुती नीट लागत नाहीत म्हणून. त्या तीस वर्षांत पेटीला सांभाळलं ते नाटकांनी, भजनी मंडळांनी आणि बैठकींनी.

६. जेवण कार्यक्रमानंतर

आधी नको. भात्यावर पाय चालत नाहीत.

७. पुण्याला जाताना उत्तरं तयार ठेवावीत

पुण्यात बुधवार पेठेतून फिरलो. ३१ ऑक्टोबर १८८० या दिवशी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक इथल्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाले आणि संगीत नाटक जन्माला आलं. ते नाट्यगृह आता नाही. माणसं खरेदी करत होती, रिक्षा वाजत होत्या. आम्ही टाळी मारली नाही, लोकांनी वेड्यात काढलं असतं.

बालगंधर्व रंगमंदिर मात्र उभं आहे. १९६२मध्ये तिथल्या भूमिपूजनाला स्वतः बालगंधर्व होते. १९६७च्या जुलैत ते गेले, आणि २६ जून १९६८ला, त्यांच्या जन्मदिवशी, पडदा उघडला. या रंगमंदिराच्या मागे पु. ल. देशपांड्यांनी केलेली खटपट जुन्या पुणेकरांना पाठ आहे. आत गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक स्त्रीवेषातलं आणि एक पुरुषवेषातलं. त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपण आळीपाळीनं दोन्हींकडे बघत राहतो, हा एकच माणूस आहे याची खात्री करत.

तिथेच एक गृहस्थ भेटले, ऐंशीच्या पुढचे, हातात पिशवी. ऑर्गन बघून थांबले. कुठले म्हणून विचारलं. नाशिकचे म्हटल्यावर लगेच, "मग तुमच्या विजयानंद थिएटरला शेवटचं कधी गेला होतात?"

"लहानपणी," मी म्हटलं. "सिनेमाला."

"आणि 'शारदा' नाटक कुणामुळे आठवतं तुम्हाला? देवलांमुळे की कान्हेऱ्यांमुळे?"

मी गप्प. खरं उत्तर कान्हेऱ्यांमुळे असं होतं आणि ते ऑर्गन वाजवणाऱ्या माणसाला शोभणारं नव्हतं. आजोबांनी जास्त ताणलं नाही. म्हणाले, "दोन्ही आठवायला हवेत हो," आणि पिशवी सावरत निघून गेले. पुढचे चार दिवस ते वाक्य माझ्या खिशात चिल्लरीसारखं वाजत होतं.

८. छप्पर नसलेलीही सभागृहं असतात

सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिराबाहेर मास्तरांनी आम्हाला आठवण करून दिली की ५ नोव्हेंबर १८४३ला 'सीतास्वयंवरा'चा पहिला खेळ झाला तो चिंतामणराव पटवर्धनांच्या राजवाड्यात. रंगभूमी आली तेव्हा नाट्यगृह नव्हतंच. तिथून चार कोसांच्या आत हरिपूर, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. चिंचेच्या झाडांमधून जाणारा रस्ता, आणि 'शारदा' लिहिणारा माणूस इथला म्हटल्यावर आजोबांचा प्रश्न पुन्हा खिशात वाजला.

मिरजेत दोन कामं होती. एका शिष्येच्या तानपुऱ्याची जवारी बिघडली होती, ती सतारमेकरांच्या गल्लीत काढून घेतली. भोपळे पंढरपूरच्या बाजूनं येतात, लाकूड वेगळीकडून, आणि हात मिरजेचे. जवारी काढणाऱ्या कारागिरानं तार छेडली, घोडीवर दोरा सरकवला, कान लावला, पुन्हा सरकवला. तासभर कुणी बोललं नाही. या माणसाच्या बसण्याच्या चौकाएवढ्या जागेत किती मोठमोठ्यांचे तानपुरे जुळले असतील! हेही एक सभागृहच.

दुसरं काम नाट्यगृह बघण्याचं. १९०५मध्ये मिरजेत, हंसप्रभा थिएटरात, नारायण राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा, म्हणजेच बालगंधर्व, शकुंतला होऊन उभा राहिला. आता त्या ठिकाणी बालगंधर्व नाट्यगृह आहे.

पण मिरजेत खरी ओढ दर्ग्याची होती. ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात गाणारे येतात ते हजेरी द्यायला, बिदागीसाठी नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांनी इथे सेवा केली आणि १९३७मध्ये दक्षिणेत प्रवासात देह ठेवल्यावर त्यांना आणलं ते इथेच. आम्ही गेलो तेव्हा उरूस नव्हता. अंगणात कबुतरं, दोन बायका मन्नतीचा धागा बांधत होत्या. ताई पायऱ्यांवर बसून हळू आवाजात तोडीतलं काही गुणगुणल्या. वहीत रांगेचा आकडा लिहायला रांगाच नव्हत्या. भिंत नाही, छत नाही, आवाज कशावर आपटून परत येणार? तरी ऐकू आलं. आपल्या नाशकात दिवाळी पाडव्याला पहाटे पिंपळपारावर बसून गाणं ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गोदाघाटावर देवमामलेदारांच्या पटांगणात १९२२पासून वसंत व्याख्यानमाला चालते, तीही आकाशाखालीच. छपराचा सोस आपल्याला उशिरा लागला.

९. जळालेल्या वास्तूपुढे आधी हात जोडा, फोटो नंतर

कोल्हापूरबद्दल लिहिणं जड जातं.

शाहू महाराज १९०२मध्ये युरोपात गेले, रोमनांची प्रचंड प्रेक्षागारं पाहून आले. परतल्यावर एका अंगाला कुस्तीचं खासबाग मैदान बांधलं आणि त्याला लागून नाटकाचं पॅलेस थिएटर. १९१५मध्ये ते पुरं झालं. तालीम आणि गाणं यांच्यामध्ये एक भिंत, ही कल्पना दुसऱ्या कुठल्या संस्थानिकाला सुचली असेल असं वाटत नाही. पैलवानाचा शड्डू आणि नाटकाची तिसरी घंटा एकाच अंगणात. पुढे १९५७मध्ये थिएटरला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं.

केशवराव कोल्हापूरचेच. 'ललितकलादर्श' त्यांनी १९०८मध्ये हुबळीला काढली तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. ८ जुलै १९२१ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग झाला, त्यात भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर, आणि गाणं कुणाचं सरस यावर वाद घालायला सगळी मुंबई. या 'मानापमाना'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, तेही कोल्हापूरच्या मातीतले आणि पेटी वाजवणारे, म्हणून मला ते जरा जवळचे. तीन महिने झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वरानं गेले. वय एकतीस.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री त्यांच्या नावाचं नाट्यगृह पेटलं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, त्यांची जयंती होती.

आम्ही पोचलो तेव्हा चार महिने होऊन गेले होते. छप्पर गेलेलं, रंगमंच गेलेला, दगडी भिंती उभ्या. आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. तबल्याच्या पोरानं मोबाइल काढला, मग खिशात ठेवला. शेजारी एक कोल्हापूरकर उभे होते. त्या रात्री लोक रस्त्यावर उभं राहून रडत होते, हे त्यांनी सांगितलं, आणि सांगताना आवाज अगदी साधा होता, घरातल्या गोष्टीबद्दल बोलावं तसा. मी आजवर अनेक गावांत नाट्यगृहांबद्दल तक्रारी ऐकल्या आहेत, स्वच्छतागृह, पार्किंग, एसी. नाट्यगृहासाठी गाव रडल्याचं पहिल्यांदाच ऐकत होतो.

ताई म्हणाल्या, "सा लावू का?" मास्तर नको म्हणाले. ताईंनी लावला. रस्त्याच्या कडेला उभं राहून, भिंतीकडे तोंड करून, चार-पाच सेकंद. दुचाक्यांच्या गोंगाटात तो कितीसा ऐकू येणार? वहीतल्या त्या पानावर तारीख आहे, आकडा नाही. देवल क्लबात संध्याकाळी गेलो. १८८३ची ही संस्था, अल्लादिया खाँसाहेबांच्या काळापासून गाणं ऐकत आलेली. तिथे बसल्यावर जरा जीव थाऱ्यावर आला.

वास्तू पुन्हा उभी राहील, राहायलाच हवी. फक्त बांधणाऱ्यांनी गुळगुळीत भिंती आणि जाड गालिचे यांच्या मोहात पडू नये, एवढं माझं ऑर्गनवाल्याचं म्हणणं. माईक सगळं सांभाळून घेतो, हा गैरसमज आहे.

१०. घरी आल्यावर ऑर्गन उतरवायच्या आधी गाडी एकदा विजयानंदकडे वळवा

हे आम्ही केलं नाही. सिन्नर ओलांडलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, सगळे झोपेत. पण पुढच्या रविवारी सकाळी मी, ताई आणि तबल्याचा पोरगा असे तिघे पायी जुन्या नाशकात गेलो.

२१ डिसेंबर १९०९. कलेक्टर जॅक्सनची नाशकातून बदली झालेली, निरोपादाखल विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळीचा 'शारदा'चा खेळ ठेवलेला. जॅक्सनला संस्कृत आणि मराठी येत होतं, नाटकाची आवड होती. तो आत येत असताना अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणानं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१०ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे तिघेही फाशी गेले. हे नाशकातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, असायलाच हवं.

पण त्याच वास्तूत त्याच काळात किर्लोस्कर मंडळीसारख्या कंपन्या मुक्काम करत, हे मात्र आपण विसरलो. बालगंधर्व तेव्हा किर्लोस्कर मंडळीतच होते, स्वतःची कंपनी त्यांनी १९१३मध्ये काढली. 'शारदा' १८९९चं नाटक. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीची कथा, आणि पदं अशी की बायका दळताना म्हणत. पुढे १९२९मध्ये बालविवाहाचा कायदा आला तो हरबिलास सारडांच्या नावानं ओळखला गेला, तेव्हा लोकांना त्यात देवलांची शारदाच दिसली. नावाचा निव्वळ योगायोग, पण मराठी माणसाला तो सोडवेना. असं नाटक, अशी कंपनी, असं गाणं नाशकात होतं. मग तिथे चित्रपट लागायला लागले, मी तिथे शेंगदाणे खाल्ले, आणि विषय संपला.

आता आमची नवी घरं आहेत. शालिमारजवळ कालिदास कलामंदिर आहे, टिळक पथावर सार्वजनिक वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे, ज्याला सगळे 'प. सा.' म्हणतात. दोन्हीकडे वाजवलं आहे, दोन्हीकडच्या मागच्या वाटा पायाखालच्या. तबल्याच्या पोराला विचारलं, तुझ्या आयुष्यातला पहिला कार्यक्रम कुठे झाला? म्हणाला, प. सा.मध्ये, तिसरीत असताना, स्नेहसंमेलनात. म्हटलं, लिहून ठेव. तारीख, काय वाजवलं, बाजूला कोण होतं, रांगेत कोण बसलं होतं. हसला, पण त्यानं मोबाइलमध्ये काहीतरी टिपलं खरं.

ताईंनी विजयानंदपाशी उभं राहून एकच टाळी मारली. शेजारच्या दुकानदारानं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा गल्ला मोजायला घेतला.

नाशिककरांनो, कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, आजोबांच्या कागदांत विजयानंदच्या एखाद्या संगीत नाटकाची हस्तपत्रिका, तिकिटाचं अर्धुक किंवा पदांची पुस्तिका निघाली, तर ती रद्दीत घालू नका. सार्वजनिक वाचनालय १८४०पासून गावात आहे, तिथे नेऊन द्या.